कंटेनरमध्ये किती दिवस?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शेवटी शोध थांबवावा लागला. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना खाली चौकजवळ आणलं आणि थोड्याच दिवसांत तिथे त्यांच्यासाठी कंटेनरची वसाहत उभी राहिली. वर्ष उलटलं तरी ही कुटुंबं त्या कंटेनरमध्येच होती. सिडको त्यांच्यासाठी बांधत असलेली पक्की घरं तोवर त्यांच्या हाती आली नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी, २२ जुलै २०२१ ला, महाड तालुक्यातलं तळीये असंच डोंगराखाली गाडलं गेलं होतं. तिथल्या लोकांनाही कंटेनरच मिळाले होते. इर्शाळवाडीची बातमी आली तेव्हा तळीयेतली कितीतरी कुटुंबं अजून त्याच कंटेनरमध्ये दिवस काढत होती.

दरड कोसळली की कंटेनर येतो, हे आता आपल्याकडे ठरून गेलं आहे. माझा त्याला विरोध नाही. भर पावसात गाव वाहून गेल्यावर शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात चाळीस कुटुंबं महिनोन्‌महिने राहू शकत नाहीत. दार बंद करता येईल, कडी लावता येईल, पोरांचे कपडे कोरडे राहतील अशी जागा आठवडाभरात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. ती देणाऱ्या महसूल खात्याच्या माणसांना श्रेय द्यायला हवं. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. कुटुंबाला कंटेनरची चावी देतानाच ते कोणत्या तारखेला त्यातून बाहेर पडणार हे सरकारने लेखी द्यावं. ती तारीख चुकली तर कोण उत्तर देणार, हेही त्याच कागदावर असावं. आणि कंटेनर हा स्वस्त घरांच्या प्रश्नावरचा तोडगा आहे असं जे गेली काही वर्षं सांगितलं जातंय, ते आपण मानू नये.

हे सांगणारे लोक वाईट हेतूने सांगतात असं नाही. बंदराबाहेर रिकामे पडलेले कंटेनर दिसतात, दुसरीकडे बेघर माणसं दिसतात, आणि दोन्हींची जोडी लावावीशी वाटते. उरणकडून पनवेलला येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनरची थप्पीवर थप्पी पाहिली की कुणाच्याही मनात हा विचार येईल. न्हावाशेवा हे देशातलं मोठं कंटेनर बंदर आपल्याच दारात आहे. पण ही कल्पना नवी नाही. माल्कम मॅक्लीनने १९५६ मध्ये ५८ पेट्या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या आणि कंटेनरची वाहतूक सुरू झाली. त्यानंतर तीस वर्षांनी, १९८७ मध्ये, फिलिप क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने कंटेनरपासून राहण्याजोगी इमारत करण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं आणि १९८९ मध्ये त्याला ते मिळालं. म्हणजे साडेतीन दशकांहून जास्त काळ ही कल्पना जगासमोर आहे. गरिबांच्या घरांचा प्रश्न तिने सुटण्यासारखा असता तर एव्हाना एखादं तरी शहर दाखवता आलं असतं. दाखवले जातात ते प्रकल्प मोजके आहेत, आणि त्यातलाही ॲमस्टरडॅमचा गाजलेला हजार खोल्यांचा प्रकल्प विद्यार्थ्यांसाठी होता. त्या खोल्या तर चीनमध्ये खास राहण्यासाठी तयार करून आणल्या होत्या.

आता पेटीच्या आत शिरू. कंटेनरची बाहेरची रुंदी आठ फूट असते. अमेरिकेतल्या रस्त्यांवर ट्रकला जेवढ्या रुंदीची मुभा होती, त्यावरून ती ठरली. माणूस कसा झोपतो, कसा बसतो, चूल कुठे मांडतो याचा त्यात कुठेच विचार नव्हता आणि असण्याचं कारणही नव्हतं. आतून मोजलं तर रुंदी भरते सुमारे २.३५ मीटर आणि उंची २.३९ मीटर. जास्त उंचीचा म्हणून जो प्रकार मिळतो, त्यातही उंची २.६९ मीटरच्या आसपास असते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत एकच खोली असलेल्या घरात त्या खोलीचं क्षेत्रफळ किमान ९.५ चौरस मीटर, रुंदी २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर असावी असं म्हटलं आहे. म्हणजे नुसता रिकामा कंटेनरही रुंदीत आणि उंचीत दोन्हीकडे कमी पडतो. उष्णतारोधक थर आतून लावला की दोन्ही बाजूंनी आणखी पाच-पाच सेंटिमीटर जातात. मग सव्वासहा फुटांची खाट आडवी टाकली तर पायथ्याशी जेमतेम फूटभर जागा उरते.

कमी उत्पन्न गटाच्या घरांना संहितेत काही सवलती आहेत आणि आपत्तीच्या वेळी मापावर अडून बसू नये, हे मलाही मान्य आहे. पण ती मापं उगाच आलेली नाहीत. आपल्या हवेत छत उंच लागतं, कारण गरम हवा वर जाते आणि तिला माणसाच्या डोक्यापासून दूर राहायला जागा हवी. पावणेआठ फुटांच्या छताला पंखा टांगला तर अंगातला सदरा काढताना हात पात्याला लागेल. म्हणून कंटेनरमध्ये भिंतीवरचा किंवा टेबलावरचा पंखा लावतात. त्याची हवा एका माणसाला मिळते आणि बाकीचे घामाघूम होतात.

उन्हाचा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे. कंटेनरची भिंत दीड-दोन मिलिमीटर जाडीचा नागमोडी पत्रा असते. विटेपेक्षा पोलाद साठ-एक पट वेगाने उष्णता आत पोचवतं, आणि इतक्या पातळ पत्र्यात उष्णता साठवून ठेवण्याची ताकद नसते. विटेची नऊ इंची भिंत दुपारचं ऊन आत यायला कित्येक तास लावते. पत्रा ते लगेच आत सोडतो. एप्रिल-मेच्या दुपारी छताचा पत्रा साठ अंशांच्या वर जातो आणि आतली खोली तव्यासारखी तापते. कामाला जाणारी माणसं त्या वेळी बाहेर असतात. घरात असतात ती म्हातारी माणसं, बाळंतीण, तान्ही मुलं, आजारी माणूस. कंटेनरचा उन्हाळा मुख्यतः हेच लोक सोसतात, आणि पाहणीला येणारे अधिकारी बहुधा सकाळी येऊन जातात.

रात्री गोष्ट उलटते. पत्रा झपाट्याने गार होतो. दार-खिडक्या बंद करून पाच-सहा माणसं आत झोपली, त्याआधी तिथेच भात शिजला, तर आतल्या वाफेचं पाणी पत्र्यावर धरतं आणि अंथरुणावर ठिबकतं. कोकणातल्या पावसाळ्यात अंथरुणं चार महिने ओलसर राहतात. पावसाचा आवाज हा आणखी एक भाग. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात सपाट पत्र्याखाली राहायचं म्हणजे जोराच्या सरीत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. ज्यांचं घर आणि घरची माणसं पावसाच्या एका रात्रीत गेली, त्यांना त्या आवाजाखाली झोपायला सांगताना आपण दहा वेळा विचार करायला हवा होता. छतावर दीड-दोन फूट सोडून उतरतं दुसरं छप्पर घातलं तर ऊन, आवाज आणि साचणारं पाणी तिन्हींवर बराच उतार पडतो. ते फार खर्चाचं कामही नाही. तरी बहुतेक ठिकाणी ते होत नाही, कारण कंटेनर तात्पुरता आहे असं सगळे धरून चालतात.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर कुणी बोलत नाही. पोलादी घरात एखादी वायर सोलली गेली तर सगळी भिंत जिवंत होते. मातीच्या घरात जी चूक निभावून जाते, ती इथे जिवावर बेतू शकते. प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असायलाच हवा, आणि पावसाळ्याआधी तो तपासला जायला हवा. जमिनीवरच्या प्लायवूडचंही असंच आहे. माल परदेशी जाताना लाकडातून कीड जाऊ नये म्हणून त्यावर कीटकनाशक मारलेलं असतं. जुना कंटेनर राहायला देताना तो थर काढायला किंवा पक्का झाकायला हवा, कारण रांगती मुलं त्याच जमिनीवर असतात.

‘पुनर्वापर’ म्हणून कंटेनरच्या घराचं जे कौतुक होतं, तेही तपासून पाहायला हवं. कंटेनर समुद्रावर साधारण दहा ते पंधरा वर्षं चालतो, मग विकला जातो. घरासाठी निवडतात ते बहुधा चांगले, कमी वापरलेले. काही तर एकच खेप केलेले असतात. ते अजून माल वाहू शकले असते. उरलेले गंजलेले कंटेनर कुठे टाकून दिले जातात का? पोलाद कुणी टाकून देत नाही. ते भट्टीत जातं. आपल्याकडे जालन्याच्या भट्ट्या भंगारातूनच सळई काढतात, आणि महाराष्ट्रातल्या किती घरांच्या स्लॅबमध्ये ती सळई बसली असेल याची गणती नाही. वीस फुटी रिकाम्या कंटेनरचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास असतं. बांधकामातला ढोबळ हिशेब चौरस फुटाला चार किलो सळईचा धरतात. म्हणजे एका कंटेनरच्या पोलादातून तीनशे चौरस फुटांच्या जवळजवळ दोन घरांची सळई निघते, आणि त्यातलं प्रत्येक घर त्या कंटेनरच्या दुप्पट मोठं असतं. वितळवायला ऊर्जा लागते आणि सिमेंटचं प्रदूषण वेगळं मोजावं लागतं, हे खरं. तरी पोलाद ‘वाया जाण्यापासून वाचवलं’ हा दावा टिकत नाही. उलट घरासाठी ते अतोनात जास्त आहे. कंटेनरवरच्या पाटीवर १,९२,००० किलो असा आकडा अनेकदा छापलेला असतो. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या खांबांनी भर समुद्रात डोलताना पेलायचं ओझं ते. माणसांच्या घराला त्याच्या अंशाएवढीही ताकद लागत नाही. आणि खिडक्या-दारांसाठी नागमोडी भिंत कापली की पेटीची मजबुती ढळते, मग तिथे पुन्हा लोखंडी चौकटी जोडाव्या लागतात.

स्वस्ताईचा मुद्दा शहरापुरता पाहू. वीस फुटी कंटेनरचं आतलं क्षेत्रफळ दीडशे चौरस फुटांच्या आत आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची होती, आणि ती माणसाला पुरत नाही हे मान्य करायला या शहराने शंभर वर्षं घेतली. चाळीस फुटी कंटेनर तीनशे चौरस फुटांच्या थोडा वर जातो. आकड्यात तो झोपडपट्टी पुनर्वसनाच्या खोलीएवढा भरतो, पण त्याचा आकार पावणेआठ फूट रुंदीच्या बोळासारखा असतो. आणि मुंबईत घर महाग आहे ते जमिनीमुळे. भिंत विटेची असो वा पत्र्याची, जमिनीचा भाव तोच राहतो. त्यात पाया, क्रेन, कापणं-जोडणं, उष्णतारोधक थर, वायरिंग, नळ, सांडपाणी हे सगळं धरलं की पेटीची मूळ किंमत एकूण खर्चाचा लहानसा भाग उरतो. कर्जत किंवा मुळशीत कुणी हौसेने कंटेनरचं सुट्टीघर बांधलं, वातानुकूलन लावलं, तर तो त्याच्या आवडीचा भाग आहे. त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. सार्वजनिक पैशातून गरिबांसाठी तीच गोष्ट सुचवली जाते तेव्हा हरकत घ्यावी लागते.

हरकतीचं मोठं कारण आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे. म्हाडाची संक्रमण शिबिरं काय म्हणून सुरू झाली होती? पडक्या इमारतीतल्या भाडेकरूंनी इमारत पुन्हा बांधून होईपर्यंत राहावं म्हणून. त्या शिबिरांत माणसं तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं राहिली. मुलं तिथे जन्मली, तिथूनच त्यांची लग्नं झाली. कुणा एका अधिकाऱ्याने तसं ठरवलं नव्हतं. फक्त परतीची तारीख कुठेच लिहिलेली नव्हती, म्हणून ती कधी चुकलीही नाही.

कंटेनरला नुसती नावं ठेवून भागणार नाही, हे मला किल्लारीमुळे ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जी हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. दगड-मातीच्या त्या जाडजूड भिंती आणि मातीचं जड छत उन्हाळ्यात गारवा देत. त्याच भिंतींनी आणि छतांनी माणसं चिरडली. पोलादी पेटी भूकंपात तशी कोसळत नाही. वाचलेल्यांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं गेलं आणि पुढे ५२ गावं पूर्ण नव्याने वसवली गेली. पत्र्याच्या घरात तापलेल्या माणसाला ‘पूर्वीचं घर किती थंड होतं’ असं ऐकवणं सोपं असतं, पण ते घर का पडलं हे विसरून चालत नाही. इर्शाळवाडीतल्या घरांबद्दलही तेच. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेलं ठाकरांचं घर हवेला मोकळं आणि सुखाचं असतं. पण त्यांची वाडी कड्याखाली होती, आणि दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचं नावही नव्हतं.

तेव्हा वेगाने उभे राहणारे, सुरक्षित, पोलादी निवारे लागणारच. ते नीट कसे करायचे याचा चांगला नमुना जपानमध्ये आहे. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ओनागावा गावात सपाट जागाच उरली नव्हती. वास्तुकार शिगेरू बान यांनी तिथल्या बेसबॉलच्या मैदानावर कंटेनरची तीन मजली घरं उभी केली. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक कंटेनर आणि एक मोकळी जागा अशी रचना केली. कंटेनरमध्ये झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर, मधल्या मोकळ्या जागेत उजेडाची मोठी बैठकीची खोली. घरं साधारण वीस, तीस आणि चाळीस चौरस मीटर अशा तीन मापांत होती, म्हणजे दोन माणसांना आणि सहा माणसांना एकच पेटी दिली गेली नाही. स्वयंसेवकांनी आत कपाटं करून दिली. कंटेनरला घराचा एक अवयव मानलं, पूर्ण घर मानलं नाही, यातच त्या कामाचं यश आहे असं मला वाटतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जपानी कायद्यातली आहे. आपत्तीनंतरच्या तात्पुरत्या घरांची मुदत तिथे मुळात दोन वर्षांची धरलेली असते. त्सुनामीनंतर ती मुदत पुरली नाही आणि वर्षावर्षाने वाढवावी लागली. कुणी म्हणेल, मग मुदतीचा उपयोग काय? उपयोग हाच की वाढवावी लागली. दर वेळी सरकारला जाहीर सांगावं लागलं की काम झालेलं नाही, आणखी इतका काळ हवा आहे. तळीयेतल्या माणसांसाठी असा कोणताच दिवस नव्हता, ज्या दिवशी कुणाला उभं राहून हे सांगावं लागलं असतं.

लंडनमध्ये काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ईलिंग भागात बेघर कुटुंबांना कंटेनरच्या घरांत ठेवलं होतं. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २०१९ मध्ये आपल्या अहवालात या घरांवर कडक टीका केली: उन्हाळ्यात असह्य गरम, हिवाळ्यात गारठा, मुलांना खेळायला जागा नाही. श्रीमंत देशात, थंड हवेत, पैसे खर्चून केलेल्या कंटेनरची ही अवस्था. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर कंटेनरची शहरंच उभी राहिली. तिथल्या बहुतेक पेट्या मालवाहू नव्हत्या, राहण्यासाठी बनवलेल्या केबिन होत्या, सुमारे २१ चौरस मीटरच्या. दोन वर्षांनंतरही लाखो लोक त्यांतच राहत होते.

महाराष्ट्रात यासाठी नवा मोठा कायदा करायची गरज आहे असं मला वाटत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे आणि त्यात निवाऱ्याचे किमान निकष ठरवण्याची तरतूद आहे. मदत छावणीसाठी माणशी साडेतीन चौरस मीटर जागा हा निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने घालून दिलेला आहे. त्या मापाने वीस फुटी कंटेनर चार माणसांचा झाला. गावाकडच्या कुटुंबात आजी-आजोबा धरून सहा-सात माणसं असतात, म्हणजे त्यांना दोन द्यायला हवेत. शिवाय तो निकष काही दिवसांच्या छावणीसाठी आहे. वर्षभर राहायचं असेल तर माप वाढायला हवं. राज्य सरकारने एका शासन निर्णयात हे बांधून घ्यावं: चार माणसांमागे एक कंटेनर, वर दुसरं छप्पर, पुढे पडवी, स्वयंपाक बाहेर करण्याची सोय, अर्थिंग, आणि दारावर लावलेली मुदत. अठरा महिने मला रास्त वाटतात, म्हणजे एकच पूर्ण उन्हाळा आणि फार तर दोन पावसाळे. त्या मुदतीत पक्कं घर मिळालं नाही तर कुटुंबाला घरभाडं सुरू व्हावं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी विलंबाचं कारण ग्रामसभेत येऊन सांगावं. भाड्याचा बोजा महिन्याच्या महिन्याला तिजोरीवर पडू लागला की भूसंपादनाच्या फायली हलतात, असा सरकारी कामाचा अनुभव आहे.

जागेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो लोकांना विचारूनच सोडवावा लागेल. कंटेनर ट्रेलरवरून येतो आणि क्रेनने उतरतो, म्हणून तो जाईल तिथे चांगला रस्ता लागतो. इर्शाळवाडीला तर रस्ताच नव्हता; बचाव पथकं पायी चढून गेली. त्यामुळे कंटेनरची वसाहत आपसूक हमरस्त्यालगत येते, आणि शेत, रान, गुरं, कोंबड्या मागे राहतात. रानावर जगणाऱ्या माणसाला दीड वर्ष रानापासून लांब ठेवलं की त्याचा रोजगार तुटतो, मग पक्कं घर मिळेपर्यंत तो कर्जात गेलेला असतो. म्हणून मुदत लहान हवी हा माझा आग्रह आहे. घर पक्कं कुठे बांधायचं याचा निर्णयही याच काळात त्यांच्याकडून घ्यावा, त्यांच्यावर लादू नये.

कंटेनरचा खरा गुण हलता येण्याचा आहे. घराला आपण तो गुण मागत नाही. पण महाराष्ट्रात काही लाख माणसं अशी आहेत ज्यांना दरवर्षी पाच-सहा महिने हलावंच लागतं, आणि त्यांच्यासाठी मात्र कुणी कंटेनर सुचवत नाही. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकात जातात. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत तोड करायची. राहायला पाचट, बांबू आणि प्लास्टिकची कोपी. तिथे ना संडास, ना न्हाणीघर. बायका पहाटे अंधारात उरकून घेतात, तान्ही मुलं फडाच्या कडेला झोळीत झोपतात. पाळीच्या काळात पाणी आणि आडोसा मिळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशीसाठी समितीही नेमली गेली. त्या प्रश्नाच्या मुळाशी या आडोशाचा अभावही आहे.

इथे कंटेनरची सगळी गणितं जुळतात. गाळपाचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यात असतो, त्यामुळे ऊन हा कंटेनरचा सर्वांत मोठा दोष त्या काळात सौम्य असतो. कारखान्याकडे वाहनं असतात, वेल्डर असतात, वर्कशॉप असतं, मोठं आवार असतं. पावसाळ्यात कंटेनर तिथेच दुरुस्तीला आणून ठेवता येतात. प्रत्येक कोयत्याला एक कंटेनर द्यावा असं मी म्हणत नाही. तेवढ्यांची सोय करणं शक्य होणार नाही. पण प्रत्येक तळावर एक कंटेनर बायकांच्या संडास-न्हाणीघरासाठी, एक पाळणाघरासाठी आणि आठवड्यातून दोन दिवस नर्स किंवा आशाताई बसेल असा एक, एवढं तर जमण्यासारखं आहे. पाण्याची टाकी वर आणि दिव्यासाठी सौरपट्टी. तळ हलला की ट्रेलरवर चढवून पुढे न्यायचं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे आणि त्याला गाळपाच्या टनामागे ठरावीक रक्कम मिळते. त्या निधीतून निम्मा आणि कारखान्याकडून निम्मा खर्च घ्यावा. गाळप परवाना साखर आयुक्तालयाकडून निघतो. तळावरच्या या तीन कंटेनरची पाहणी झाल्याशिवाय परवाना देऊ नये, ही अट येत्या हंगामापासूनच घालावी.